पिशवीतून गळलेला चोथा

अर्धं पीठ चाळून झालं आणि ताईंचा हात थांबला.

घरातली चाळणी काठाशी उसवली होती. नवी येईपर्यंत कशावर तरी भागवायचं म्हणून वहिनींनी, म्हणजे ताईंच्या थोरल्या भावाच्या बायकोने, शिवणाच्या डब्यातून जाळीच्या कापडाचे दोन तुकडे काढून दिले होते. पहिला पातेल्यावर ताणून बांधला तर पीठ कसं भुरूभुरू खाली आलं. तो मध्येच निसटला, म्हणून ताईंनी दुसरा बांधला. हलवलं, थोपटलं, पण पीठ आपलं वरच बसून. रुसल्यासारखं.

"वहिनी, हे दोन्ही एकाच ताग्यातले ना गं?"

"छे, एका ताग्यातले कसले! हा घट्ट तुमच्या संस्थेतून आलेला, जुना. आणि हा सैल बाजारातला. मागवलेलं कापड येईना म्हणून तुम्हीच नाही का घेऊन आलात? तुमच्या पिशव्या शिवून उरलेलं आहे दोन्ही."

 पीठभरल्या हातांनी ताई तशाच खुर्चीवर बसल्या.

या पिशव्यांचं प्रकरण आधी सांगायला हवं. गाईगुरांना कोणतं खाद्य किती पचतं हे शोधण्यात ताईंचा जन्म गेला होता. संस्थेच्या गोठ्यात एक गाय होती. तिच्या कुशीला शस्त्रक्रिया करून एक भोक ठेवलेलं, त्यावर रबरी झाकण. सगळे तिला खिडकीवाली म्हणत. भरडलेलं खाद्य जाळीच्या छोट्या पिशवीत भरायचं, पिशवी दोरीला बांधून त्या खिडकीतून गाईच्या पोटात सोडायची, ठरल्या वेळी बाहेर काढून धुवायची, वाळवायची, तोलायची. जेवढं घटलं, तेवढं पचलं. मात्र कापडाची वीण अशी हवी की पोटातला रस आत शिरावा आणि न पचलेला कण बाहेर सांडू नये. सगळी मदार त्या विणीवर.

ताई शाळेत असताना दारची शेळी पोट फुगून गेली. तिने खाल्लं तरी काय, हे कोणालाच सांगता येईना. तो प्रश्न घेऊन ही मुलगी जी निघाली ती थेट गोठ्यात जाऊन पोचली. मध्ये लग्नाची बोलणी झाली होती. मुलाच्या आईने विचारलं, मुलगी नेमकं करते काय? भाऊ भाबडा, त्याने खरं ते सांगून टाकलं. "खांद्यापर्यंत हात? गाईच्या पोटात?" म्हणत त्या बाईंनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. पुन्हा कोणी विचारायला आलं नाही. ताईंना त्याचं वाईट वाटलं असेल तर त्यांनी ते कोणाला दाखवलं नाही. वाळलेला पेंढा गुरांनी आवडीने खावा म्हणून त्यांनी खटपट केली, दुभत्या गाईंसाठी क्षारांचं मिश्रण बसवलं. पिशव्या मात्र कायम घरीच शिवल्या जायच्या. वहिनी देवाचं नाव घेत मशीन चालवायच्या. "मुक्या जिवाच्या पोटात जायचंय," म्हणायच्या, "शिवण वाकडी चालायची नाही."

आणि आता नोकरीच्या अगदी शेवटी ताईंना एक शोध लागला होता. रसाच्या कारखान्यातून फेकला जाणारा फळांचा चोथा वाळवून भरडला, तर तो गाईला पेंडीइतकाच पचतो. अर्धी पेंड कमी करा, त्या जागी चोथा घाला. संस्थेने पत्रकं छापली होती. ताईंच्या निरोपाच्या समारंभातच ती गाईवाल्यांच्या हातात द्यायची, असं साहेबांनी ठरवलं होतं.

पेंड मोजली होती जुन्या कापडात. चोथा मोजला नव्या. घाई होती म्हणून ताईंनी नवं कापड नुसतं उजेडासमोर धरलं आणि सारखंच आहे म्हणून मोकळ्या झाल्या. पेंड पुन्हा नव्या पिशवीत घालून पाहिली असती तर तिथेच कळलं असतं. चोथा पचला नव्हता. पिशव्या धुताना तो नळाखाली वाहून गेला होता.

"माझं काही चुकलं का?" वहिनींनी घाबरून विचारलं.

"तुझी शिवण सरळ आहे. डोळे माझे वाकडे."

ताईंनी हात धुतले आणि साहेबांना घरी फोन लावला. सगळं सांगितलं. 

"मॅडम, तुम्ही स्वयंपाकघरात पीठ चाळून संशोधन रद्द करताय?"

"पिठावरून नको. खिडकीवालीकडे जाऊ आणि दोन्ही खाद्यं एकाच कापडात घालून मोजू. तोवर पत्रकं वाटू नका."

"पाहुण्यांना बोलावून झालंय. अहो, सन्मानाने जा ना घरी. पुढचं बघतील पुढचे."

"पुढचे बघतील तोवर गाई आटतील, साहेब."

"उद्या बोलू," म्हणून त्यांनी फोन ठेवला. पत्रकं थांबणार की नाही, ते काही कळलं नाही.

आटतील हा शब्द तोंडातून गेला आणि ताईंना ती बाई आठवली. चोथ्याची पोती आधी ज्या मोजक्या घरी वापरायला दिली होती, त्यातलीच ती एक. एकच गाय, दूध विकून घर चालवणारी. परवाच फाटकाशी भेटली होती. "मॅडम, खाते हो आवडीने, पण दूध उतरलं आणि बरगड्या दिसायला लागल्या." त्यावर ताई हसून म्हणाल्या होत्या, "अहो, वेत सरत आलं की दूध कमी होणारच. चोथ्याला बोल नका लावू." बाई मान डोलवून गेली. मॅडम म्हणतात म्हणजे खरंच असणार.

 देवा, त्या पुटपुटल्या, एवढी कशी मी आंधळी झाले.

"त्या गाईवाल्या बाईला सांगून येते," म्हणत ताई उठल्या. वहिनींनी पातेलं आपल्याकडे ओढलं आणि उरलेलं पीठ सैल कापडातून चाळायला घेतलं.

"जेवून तरी जा. उद्या सकाळी सांगितलंत तर काय बिघडतंय?"

"संध्याकाळचं खाद्य तिने अजून भिजवलं नसेल."

"साहेब चिडतील."

"चिडू देत. पत्रकं त्यांच्या हातात आहेत. ही गाय माझ्या शब्दावर उपाशी आहे."

पातेल्यावरचा तुकडा सोडवून ताईंनी दोन्ही तुकडे पिशवीत टाकले आणि चपला पायात सरकवल्या. त्या बाईच्या गोठ्यावर जाऊन चोथा आजपासून बंद करायला सांगायचं होतं.