गाईचा घास

गरम भातावर कुणी तूप वाढलं की मला बंदुकीच्या दारूचा वास येतो. ऐंशीच्या दशकात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी टेक्सासला ओळखीच्या काका-काकूंकडे गेलो होतो. न्यू जर्सीतून रिटायर झाल्यावर काकांनी तिथे उबेसाठी आणि शिकारीसाठी माळावर जमीन घेतली होती, पण अजून एकही हरीण त्यांच्या हाती लागलं नव्हतं. काकू मात्र पुण्यातल्यासारखाच रोज जेवणाआधी गाईचा घास काढायच्या. गाय नव्हती, म्हणून कुंपणाजवळच्या दगडावर तूपभात ठेवायच्या आणि एक हरणी येऊन तो खायची. त्या दुपारी काकू घास ठेवून वळल्या, हरणी दगडापाशी आली आणि काकांनी पोर्चवरूनच गोळी झाडली. ती जबड्याला लागली. हरणी पडली, उठली, पुन्हा पडली. जबडा लोंबत होता, भात लाल झाला होता आणि ती पाय झाडत होती. "फायनली मिळाली," काका म्हणाले, पण दुसरी गोळी भरताना ती दोनदा त्यांच्या हातून खाली पडली. काकूंनी रायफल हिसकावून घेतली, गोळी भरली, कुंपणापाशी जाऊन हरणीच्या कानामागे नळी टेकवली आणि चाप ओढला. मग रक्त उडालेल्या साडीतच त्यांनी आमची पानं वाढली. "जेवा आता," त्या काकांना म्हणाल्या, "घास काढून झालाय." काकांनी पान संपवलं. मी आजही भात कोरडाच खातो.