साहेबाच्या तीन सऱ्या

नवं पाणी दिसलं की शेवंताबाई इंगळे आधी त्यात मातीचं ढेकूळ टाकायची. काचेचा ग्लास, त्यात तिच्या वावरातलं सुपारीएवढं काळं ढेकूळ, आणि समोर उकिडवी बसलेली शेवंताबाई. डोळे असे, की ग्लासातून आता साप निघणार. काय बघता म्हणून विचारलं, तर म्हणायची, "काई नाई भाऊ. मले भेव लागते."

तिला सगळ्याचंच भेव लागायचं. घाटाखालच्या वरवट बकालच्या शिवारात जमिनीखाली तेल आहे का हे बघायला आमची सरकारी पार्टी बोअर घेत होती. महाराष्ट्र राज्य नवं होतं, मी त्याहून नवा. ती छावणीत भाकरी करायची, मी पाणी तपासायचो. यंत्राची शिटी वाजली की तव्यावर टाकता टाकता तिची भाकरी फाटायची. माझ्या काचनळ्यांपासून ती पदर आवरून चार हात लांबून जायची. मी हसायचो. मी उंद्रीचा, घाटावरचा, गोड्या पाण्यावर वाढलेला. घाटाखालचं खारं पाणी मला पुस्तकातूनच ठाऊक.

बोअरमधून तेल काही निघेना. निघायचं ते खारट, गढूळ पाणी, वर तेलाचा तवंग. ते हौदात साठायचं. मी तवंग काढला, तुरटी-चुन्यानं गाळ बसवला आणि सोडा घालून पाण्याचा जडपणा घालवला. पाणी आरशासारखं झालं. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे तिथल्या प्रत्येक चुलीला माहीत. मी माझ्या पाण्यात डाळ शिजवली. लोण्यासारखी झाली! सगळ्यांसमोर वाटीभर खाल्लीही. पुढचे दोन दिवस पोटानं काय केलं, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

"आता बोला, शेवंताबाई!"

"डाळीले चालते म्हून वावराले चालते काय, भाऊ?"

"अहो, हे शास्त्र आहे."

"हाव. म्हून तं भेव लागते."

छावणीला लागूनच तिचं दोन एकर वावर होतं. नवरा-बायकोनं जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर राबून घेतलेलं, त्यांच्या घराण्यातलं पहिलं वावर. त्यात मिरची होती. पावसानं दडी मारली होती आणि रोपं माना टाकत होती. मी ठरवलं, बाईला चकित करायचं. दुपारी ती भाकरीचं पीठ मळत असताना मी हौदाचं तोंड तिच्या वावराकडे उघडलं. पाणी खळखळ पहिल्या सरीत शिरलं, दुसरीत, तिसरीत. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो, आणि सत्काराला कोणता सदरा घालावा याचा विचार करू लागलो.

मागून किंकाळी आली. शेवंताबाई परातीसकट धावत आली. मळलेल्या पिठाची परातच तिनं पाटात उभी रोवली, वर चिखल ओढला आणि त्याला पाठ लावून बसली.

"काय केलं बे तू! काऊन केलं?"

मला 'भाऊ'चा 'बे' करायला तिला एवढंच पाणी लागलं.

मग तिनं दोन ग्लास मांडले. एकात टँकरचं गोडं पाणी, एकात माझं. दोन्हींत एकेक ढेकूळ. गोड्या पाण्यात ढेकूळ विरघळून खाली बसलं, वर पाणी नितळ. माझ्या पाण्यात ढगासारखं काहीतरी उठलं आणि बसेचना. चहाच्या रंगाचं ते पाणी ऊन उतरेपर्यंत तसंच राहिलं. मी ग्लासावरून नजर काढू शकत नव्हतो.

"पाटलाच्या वावरात निंदाले जात होतो मी," ती हळू बोलली. "त्याच्या हिरीचं पानी ग्लासात असंच दिसे. तीन सालात जमीन साबनावानी झाली. पाटलाचं दुसरं वावर होतं. माह्यं हे एकच आहे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. जडपणा काढताना मी पाण्यात सोड्याचा क्षार आणखी वाढवला होता. त्या क्षारानं काळ्या मातीचे कण सुटे होतात, भेगा बुजतात, आणि मग पाणीही आत जात नाही, मूळही नाही. पुस्तकात हे होतं. मी ते पान परीक्षेला लागत नाही म्हणून सोडलं होतं.

पार्टीच्या मोठ्या साहेबांपुढे मी सगळं कबूल केलं. ते शेजारी उभ्या शेवंताबाईकडे वळले. "मग या पाण्याचं करायचं काय, बाई?"

"ज्या भोकातून निंघालं, त्याच्याच चिखलात कालवा."

बोअर घेताना चिखल कालवून आत सोडावा लागतो, आणि त्यासाठी आम्ही टँकरचं गोडं पाणी नासत होतो. दुसऱ्या दिवसापासून हौदाचं पाणी तिकडे लागलं. हौदाच्या तोंडाला कुलूप बसलं, आणि किल्ली माझ्याकडे दिली गेली नाही.

तिच्या तीन सऱ्यांत मी क्षारावरचा उतारा म्हणून जिप्सम टाकलं, कुदळ मारली, पुढच्या पावसात पाणी तुंबवून धुऊन काढल्या. मिरची काही धरली नाही. तेल न सापडताच पार्टी उठली.

बऱ्याच वर्षांनी जळगाव जामोदला जाताना वाटेत उतरलो. वावर मिरचीनं लाल झालं होतं, आणि कडेला तीन ओळी बोडक्या.

"गाव त्याले साहेबाच्या सऱ्या म्हन्ते," शेवंताबाई म्हणाली. म्हातारी झाली होती. "तिकडं पाय नाई टाकत मी. अजून भेव लागते."

तिनं चहा आणला. कप हातात घेतला आणि नकळत उजेडाकडे धरून मी आत निरखून बघितलं.

शेवंताबाई खुदकन हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"पी आता. गोडं पानी आहे," ती म्हणाली. "भ्याले शिकला बाप्पा, माहा साहेब!"