पिवळ्या गाडीचा मालक

त्या पिवळ्या गाडीचा दिवस अजूनही जसाच्या तसा डोळ्यांसमोर उभा राहतो. माझ्या निवृत्तीला काही वर्षं उरली होती आणि नागपुरात सदर भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी बघत होतो, तेवढ्यात आरटीओतल्या एका मोटार वाहन निरीक्षकाचा फोन आला. परदेशातून आणलेली एक वापरलेली स्पोर्ट्स कार नोंदणीसाठी आली आहे, कागद वरवर ठीक दिसतात, पण मालक पटत नाही, असं त्याचं म्हणणं. का पटत नाही, मी विचारलं.

"साहेब, सारं ऑफिस गाडीसोबत फोटो काढून राहिलं. मालक तेवढा कंपाउंडच्या भिंतीले टेकून उभा आहे. एकदाही जवळ आला नाही."

एवढ्यावर गुन्हा दाखल होत नाही. पण मी साधे कपडे चढवले आणि निघालो.

गाडी खरंच बघण्यासारखी होती. जमिनीला चिकटल्यासारखी बुटकी, लिंबाच्या रंगाची, दोनच माणसं बसतील अशी. माझ्यासोबतची महिला हवालदार एरवी कशानेही हरखत नसे, तीही दोन वेळा गाडीभोवती फिरून आली. मालक म्हणजे जरीपटक्यात राहणारा पन्नाशीचा गृहस्थ. आखातात एका हॉटेलात तंदूरवर रोट्या लावायचा. हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते.

परदेशात काही वर्षं राहून कायमचा परतणारा माणूस स्वतः वापरलेली गाडी जबर कर भरून आणू शकतो. इतरांना ती मुभा नसते, आणि अशी आणलेली गाडी लगेच विकताही येत नाही. म्हणजे कागदोपत्री गाडी याची, आणि काही खोटं निघालं तर तुरुंगात जाणाराही हाच.

मी गाडीबद्दल विचारत गेलो. मॉडेल, इंजिन, बनावटीचं वर्ष, सगळं तो घडाघडा सांगत होता. पाठ केलेलं उत्तर प्रश्न पुरा व्हायच्या आत येतं, हे मला नोकरीने शिकवलं होतं. मी प्रश्न थांबवले आणि म्हणालो, जरा चालू कर गा, आवाज तरी ऐकू.

तो आत बसला. किल्ली हातात धरून तिच्यासाठी भोक शोधू लागला. त्या गाडीला भोक नव्हतंच, बटण होतं. त्याने सगळीकडे चाचपून पाहिलं, मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत बसला.

"साहेब, मले गाडी येत नाही," तो अखेर म्हणाला. "सायकल येते."

तिथून त्याला ठाण्यात आणलं. गाडी आपली नाही हे त्याने कबूल केलं, पण कोणाची ते सांगेना. चहा दिला, समजावलं, आवाजही चढवला. उपयोग झाला नाही. पैशासाठी गप्प राहणारा माणूस मधूनमधून हिशेब करतो, डोळे फिरवतो. हा नुसता घाबरलेला होता. म्हणून मी त्याच्या बायकोला बोलावून घेतलं.

ती आली, नवऱ्याजवळ बसली. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एकच प्रश्न केला.

"ज्या गाडीत मले एक चक्कर बी नाही मारून आणली, तिच्यापायी जेलात जाता का?"

तो रडायला लागला. मग एकेक गोष्ट बाहेर आली. सदरमध्ये एकाचं परदेशी नोकऱ्या लावून देण्याचं ऑफिस होतं. हा सुट्टीवर आला तेव्हा व्हिसा वाढवून देतो म्हणून त्या दलालाने याचा पासपोर्ट ठेवून घेतला होता आणि कागदांवर हा कायमचा परतल्याचं दाखवलं होतं. आधी सह्या कर, गाडी तुझ्या नावावर चढू दे, मग पासपोर्ट आणि व्हिसा एकदमच घेऊन जा, असं त्याने सांगितलं होतं. घर आखातातल्या नोकरीवरच चालत होतं. दलालाचं नाव घेतलं की पासपोर्ट गेला, एवढंच याच्या डोक्यात होतं.

वरिष्ठांना कळवलं, सापळा ठरला. माझ्यासमोर बसून त्याने दलालाला फोन लावला आणि काम झालं, नंबर पडला, गाडी आरटीओच्या आवारात उभी आहे, असं सांगितलं. आवाज कापेल अशी भीती होती. कापला नाही.

आता खरी अडचण पुढेच होती. दलालाने गाडी चालवत रस्त्यावर नेली तरच गाडी कोणाच्या ताब्यातली हे सिद्ध होणार, पण ती एकदा सरळ रस्त्याला लागली असती तर आमच्या बोलेरोला तिची धूळही दिसली नसती. हवालदारबाईंनी उपाय काढला. आवाराच्या गेटबाहेर एक गतिरोधक होता, असा उंच की बोलेरोचंही पोट घासायचं. "साहेब, इथं ती थांबणारच," त्या म्हणाल्या.

दुपारी दलाल स्वतः आला. काळा गॉगल, हातात दुसरी किल्ली. बटण दाबताच असा आवाज घुमला की रस्त्यावरचे लोक वळून बघू लागले. गाडी गेटबाहेर आली, गतिरोधकापाशी जवळजवळ थांबली आणि तिरकी होऊन इंच इंच चढू लागली. मी समोर जाऊन उभा राहिलो, मागे बोलेरो लागली. त्याने आधी हॉर्न वाजवला, मग हवालदारबाईंचा गणवेश पाहिला.

"गाडी माझी नाही," तो काच खाली करून म्हणाला.

"चालवता तर छान," मी म्हणालो. "उतरा."

त्याच्या ऑफिसच्या झडतीत आखातात राबणाऱ्या आणखी माणसांचे पासपोर्ट मिळाले. त्यांच्याही नावावर अशाच गाड्या येणार होत्या. फसवणूक आणि बनावट दस्तऐवजांचा गुन्हा नोंदवला, कस्टमलाही कळवलं. दलालाने ती गाडी मुळात शहरातल्या एका बड्या माणसासाठी आणली होती, तोही पुढे तपासात सापडला. तंदूरवाला माफीचा साक्षीदार झाला.

त्याआधी कोणी खोटं बोलताना पकडला गेला, की यात याचा फायदा काय, हे मी शोधायचो. त्या प्रकरणानंतर मी आधी वेगळं विचारू लागलो: तुझं काय कोणाकडे अडकलं आहे? कितीतरी गप्प बसलेली माणसं या प्रश्नावर बोलती झाली.

न्यायालयाच्या आदेशाने त्याचा पासपोर्ट परत दिला, तेव्हा नवराबायको दोघंही ठाण्यात आली होती. त्याने सही केली, पासपोर्ट उघडून स्वतःचा फोटो पाहिला. बायकोने पासपोर्ट त्याच्या हातातून घेतला आणि पर्समध्ये टाकला.

"हा आता माह्यापाशी राहीन," ती मला म्हणाली, आणि पर्सची चेन लावली.