शुगरच्या डब्यात साखर

आमच्या घरात डब्यावर लिहिलेली वस्तू डब्यात सापडली तर शपथ. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुई-दोरा, आइस्क्रीमच्या डब्यात निवडलेला कढीपत्ता, लोणच्याच्या बरणीत किसलेलं खोबरं. तुमच्याकडेही असंच असणार, उगाच नाकं मुरडू नका. गंमत म्हणजे मी सगळी नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये केली. तिथे बिनलेबलाची बाटली दिसली की मी समोरच्याला असं झापायचे की बिचारा दोन दिवस माझ्या टेबलाकडे फिरकायचा नाही. घरी आले की मात्र सगळा आनंदीआनंद.

लग्नानंतर उल्हासनगरच्या बाजारातून प्लास्टिकच्या डब्यांचा सेट आणला होता, लाल इंग्रजी अक्षरांत नावं छापलेला. त्यातल्या ‘शुगर’ डब्याचं झाकण पहिल्याच महिन्यात चिरलं आणि साखरेला मुंग्या लागल्या. मिठाला मुंग्या लागत नाहीत. म्हणून मीठ गेलं शुगरमध्ये आणि साखर गेली ‘सॉल्ट’मध्ये, कारण त्याचं झाकण घट्ट होतं. माझी लेक हेच बघत मोठी झाली. पाहुणे चहा करायला उठले की ती ओरडायची, “काकू, सॉल्टमधली घाला, सॉल्टमधली!” आणि पाहुणे आमच्याकडे संशयाने बघायचे.

मग माझे डोळे गेले. काचबिंदू. आधी बाजूचं दिसेना, दाराच्या चौकटी खांद्याला लागायला लागल्या, मग समोरचंही गेलं. आता उजेडावरून खिडकी कुठे आहे तेवढं कळतं. आमचे हे होते तोवर मला काही अडलं नाही. पेपर वाचून दाखवायचे, थेंबांच्या बाटल्या हातात द्यायचे. ते गेले, आणि लेकीचा रोज पुण्याहून फोन सुरू झाला. “आई, त्या फ्लॅटमध्ये एकटी काय करणारेस? इकडे ये.” आमचं घर तिच्या तोंडी ‘तो फ्लॅट’ कधी झालं कोण जाणे. तिच्याकडे माझी खोली तयार होती, जावई सोन्यासारखा, सगळं खरं. पण तिथे मी खुर्चीवर बसणार आणि लोक माझ्या हातात चहाचा कप आणून देणार. मला ते नको होतं. मला माझ्या घरात, माझ्या हाताने चहा करून प्यायचा होता. एवढंच. याला लेक हट्ट म्हणायची.

डॉक्टरांनीच सांगितलं की उल्हासनगरला अंध लोकांसाठी मोबाइलचा वर्ग चालतो. एका दुकानाच्या वर छोटीशी खोली, खाली फर्निचर ठोकण्याचा आवाज. पहिल्या दिवशी मी फोन आपटायचाच बाकी ठेवला होता. बोट लावावं तिथे ती फोनमधली बाई बोलणार, बोट उचललं की गप्प. मराठी वाचताना तर असे हेल काढायची की वाटावं, कालच शिकून आलीय. माझ्या शेजारी एक सिंधी बाई बसायची, जन्मापासून अंध, घरून पापडाच्या ऑर्डरी घेणारी. तिचा फोन इतक्या वेगात बोलायचा की मला नुसती कुरकुर ऐकू यायची. तिला मात्र शब्द न् शब्द कळायचा. ती मला ‘अदी’ म्हणायची, सिंधीत अदी म्हणजे बहीण; मग मीही तिला अदीच म्हणायला लागले.

कॅमेरा धरला की समोरचं लिहिलेलं फोन वाचतो, हे शिकून मी त्या दिवशी हवेत तरंगतच घरी आले आणि थेट ओट्यापाशी गेले. डब्यासमोर फोन धरला. बाई म्हणाली, “शुगर.” झाकण काढून बोट चाटलं तर मीठ. “अगं बये, मीठ आहे हे!” बाई म्हणाली, “शुगर.” बिस्किटांचा डबा धरला, बाईने बिस्किटांची सगळी जाहिरात वाचली आणि माझ्या बोटाला सुई टोचली. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी फोनच्या नावाने खडे फोडले. अदीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अदी, मशीन को गाली क्यूं देती है? जो लिखा है वो पढ़ती है. झूठ तो तेरा डिब्बा बोलता है.”

झोंबलं. लॅबवाल्या बाईला हे ऐकवावं कोणी!

पुढचा आठवडाभर मी स्वयंपाकघर उपसलं. नियम एकच, बाई जे वाचेल तेच आत. पाकीट फोडलं की त्याचा नावाचा तुकडा कापून बरणीला रबरबँडने अडकवायचा. शुगरच्या डब्यात साखर गेली, मुंग्यांसाठी खाली पाण्याची ताटली. सॉल्टमध्ये मीठ. खरं सांगायचं तर साखर-मीठ ओळखायला मला फोन कशाला हवा, जीभ आहे की. पण औषधाच्या पट्ट्या चाटून कळत नाहीत. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटल्या तर हाताला जुळ्या बहिणी. त्या आता मी आणि बाई दोघी मिळून ओळखतो. दुधाच्या पिशवीवरची तारीख, विजेचं बिल, सोसायटीच्या ग्रुपवरची भांडणं, सगळं ती वाचते. भांडणं तर मी चवीने ऐकते.

लेकीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती “हो का, छान” म्हणाली, लहान मुलाला म्हणतात ना, तसं. मग ह्यांची तिथी आली आणि ती दोन दिवस आधीच येऊन थडकली. आल्या आल्या माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली. “तिथी झाली की निघायचं. आता मी ऐकणार नाहीये आई.” तिच्या आवाजात रागाबरोबर काळजी होती आणि काळजीशी भांडता येत नाही.

तिथीच्या दिवशी मी पदर खोचून उठले, तर लेकीने मला स्टुलावर बसवलं. “गॅसजवळ येऊ नकोस. मी करते सगळं.” वडे झाले, भाजी झाली, खीर उकळायला लागली. तिच्या कानात फोनचं ते बोंडूक होतं, ऑफिसचं काहीतरी चालू होतं, इकडे डाव, तिकडे मीटिंग. मी म्हटलं, “अगं, डबा वाचून घे.” ती म्हणाली, “आई, या घरात वाढलेय मी.” मग डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. घट्ट झाकणाचा. माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी मनातल्या मनात बॅग भरत होते.

नैवेद्य चाखायचा नसतो, उष्टा होतो. त्यामुळे खीर कोणी चाखली नाही. ह्यांच्या फोटोपुढे पान ठेवलं, दुसरं पान लेक गच्चीवर घेऊन गेली. बराच वेळ झाला. खाली आली ती नाक ओढतच. “कावळा वडा घेऊन गेला आई. खिरीला चोच लावली आणि उडाला. पुन्हा आलाच नाही.” बाबांची आवडती खीर, आणि कावळा शिवत नाही म्हणजे काहीतरी इच्छा राहिलीय, हे तिला माझ्याच सासूबाईंनी शिकवलेलं. ती माझ्या गुडघ्यापाशी बसली. “बाबांचा जीव तुझ्यात अडकलाय. तू इथे एकटी आहेस म्हणून. आता तरी चल ना.”

डोळ्यांत पाणी आलं. मी कधी नव्हे ते म्हटलं, “बरं, येते.” आणि आम्ही दोघी जेवायला बसलो.

मी खिरीचा पहिला घास घेतला. थूः! समुद्र! पलीकडे लेकही खोकत होती. “आई, हे काय? साखरच घातली मी! सॉल्टमधली!”

“सॉल्टमध्ये सॉल्ट आहे गं बाई,” मी म्हटलं. “जाडं मीठ. वाचायला सांगितलं होतं की नाही तुला?”

मग मला आठवलं, ह्यांना बीपीमुळे शेवटची कितीतरी वर्षं मीठ बंद होतं, आणि ते रोज जेवताना लेकीला फोन लावून माझी तक्रार करायचे. मी म्हटलं, “तुझ्या बाबांची इच्छा राहिली असेल तर एकच, चिमूटभर मिठाची. आज पोट भरलं त्यांचं.” आधी मी हसले, मग ती, आणि हसता हसता ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायलाच लागली. मलाही रडू आलं. फार आठवण आली त्यांची. कावळा बिचारा शहाणा निघाला.

मी उठले. दुसरं पातेलं घेतलं, दूध तापत ठेवलं. नैवेद्याची खीर, म्हणजे जीभ लावायची सोय नव्हती. फोन डब्यासमोर धरला. “शुगर,” बाई म्हणाली. रबरबँडवाली बरणी धरली, तिने वेलदोड्याच्या पाकिटावरचं सगळं वाचलं, अगदी कोरड्या जागी ठेवण्याच्या सूचनेसकट. लेक मागे उभी होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या. गॅसजवळ जाऊ नकोस असं या वेळी ती म्हणाली नाही. कानातलं बोंडूक तिने काढून ओट्यावर ठेवलेलं माझ्या हाताला लागलं. खीर घेऊन ती गच्चीवर गेली आणि लगेच धावत खाली आली. “खाल्ली, आई! दोन कावळे आले!”

संध्याकाळी निघताना तिने मोठी बॅग स्वतःच माळ्यावर चढवली. दारात मला घट्ट मिठी मारली आणि भरभर जिना उतरली.

ती पोचल्यावर मेसेज आला. मी बोट लावलं. बाई तिच्या त्या सपाट आवाजात वाचायला लागली, “आई, पोचले. दिवाळीला आम्ही सगळे येतोय, तुझ्या घरी. खीर तूच कर.” मी बोट मागे नेलं आणि तिला पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा. ‘तुझ्या घरी’ आलं की तिला थांबवत होते, मागे नेत होते, आणि ती बिचारी न कंटाळता वाचत होती.