खासदाराची लेक, मिसाबंदीची बायको

माझ्या नवऱ्याला पकडून नेलं त्या सकाळी मी आधी वडिलांकडे धावले. अप्पा सत्ताधारी पक्षाचे खासदार होते. मी परकरात होते तेव्हापासून ते निवडून येत होते. अक्कलकोटकडच्या गावांत ते कानडीत बोलत, माढ्याकडे मराठीत, आणि दोन्हीकडची माणसं त्यांना आपलीच समजत. आमच्या सोलापूरच्या घराच्या ओसरीवर रोज माणसं बसलेली असायची. "अप्पा, पोराला कुटंतरी चिकटवा की," एवढंच म्हणायची. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात त्यांच्या शब्दावर लागलेली कितीतरी पोरं मला माहीत होती.

त्यामुळे मला वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत नवरा घरी येईल. तो कॉलेजात शिकवत असे आणि आणीबाणीविरुद्ध उघड बोलत असे. अप्पांनी त्याला दोनदा सांभाळून राहायला सांगितलं होतं.

अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, की मिसाखाली धरलंय, त्याला खटला नाही की जामीन नाही, यात त्यांना काही करता येणार नाही.

"पण आणीबाणीच्या बाजूनं तुम्हीच हात वर केला होता ना, दिल्लीत?" मी विचारलं.

"सगळ्यांनीच केला."

त्यानंतर मी माहेरी जाणं सोडलं. नवऱ्याला पुण्याच्या तुरुंगात ठेवलं होतं. धाकटे दीर टेंभुर्णीला असत. घरात मी आणि दम्यानं बेजार झालेल्या सासूबाई. ओळखीची माणसं रस्त्यात दिसली की दुसऱ्या बाजूनं जात. शेजारची तेलुगू बाई तेवढी यायची. तिच्या घरात माग होता. माग बंद करून ती सासूबाईंजवळ बसायची, म्हणून मला शिकवण्यांना जाता यायचं.

थंडीत सासूबाईंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी मुलाला बोलवून घ्या म्हटलं. पॅरोलच्या अर्जाला उत्तर येईना. सासूबाई दाराकडे बघत पडून राहायच्या. शेवटी मी पुन्हा अप्पांच्या ओसरीवर गेले आणि गावोगावची माणसं बसली होती त्यांच्यातच बसले. माझी पाळी आल्यावर हात जोडले. अप्पांना ते सहन झालं नाही. ते त्याच दिवशी मुंबईला आणि तिथून दिल्लीला गेले.

परतल्यावर आमच्या घरी आले. चेहरा उतरला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना दिल्लीत मंत्र्यांच्या दाराबाहेर बसवून ठेवलं होतं. जावयानं माफी लिहून दिली तर आजच सोडतो, असं उत्तर मिळालं होतं.

"ते लिहून देणार नाहीत," मी म्हणाले.

"मला ठाऊक आहे. म्हणून मी त्याला सांगायला गेलोच नाही."

सासूबाई दोन दिवसांत गेल्या. दीर टेंभुर्णीहून वेळेत पोचले, पण खांद्याला माणसं पुरेनात. समोर साध्या कपड्यांतला पोलीस उभा होता, त्याला बघून लोक दारातून आत वळत. तेवढ्यात अप्पा अनवाणी आले. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही, पुढच्या बाजूला खांदा दिला आणि चालू लागले. मग एक-दोन घरांतले पुरुष बाहेर पडले.

पॅरोलचा हुकूम तेरावा झाल्यावर आला, आणि आता कारण उरलं नाही म्हणून लगेच रद्दही झाला.

पुढच्या निवडणुकीत अप्पांचं तिकीट कापलं गेलं. जावयासाठी रदबदली केली हे वर पोचलं होतं, असं म्हणत. ओसरीवरची माणसं हळूहळू कमी झाली, मग यायचीच थांबली. अप्पा मात्र सकाळी इस्त्रीचे कपडे घालून तिथं बसत आणि फाटक वाजलं की मान वर करत.

नवरा सुटून आला तेव्हा निम्मा झाला होता. आईला खांदा कोणी दिला ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ज्यांच्यामुळे मी येऊ शकलो नाही, त्यांनीच दिला म्हण."

मी एकटीच माहेरी जायची. एकदा निघताना अप्पा फाटकापर्यंत आले.

"तुझ्या घरी येऊ का गं एकदा? त्याला बघून जाईन."

आयुष्यभर लोक त्यांना विचारत आले होते. त्यांनी कोणाला असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. विचारून सांगते, म्हणाले मी. घरी येऊन नवऱ्याला विचारलं. तो खिडकीशी उभा होता, तसाच उभा राहिला. मी पुन्हा विचारलं नाही, आणि अप्पांनीही नाही.