जाऊबाईंच्या गालातला चट्टा

लग्न होऊन मी भिंगारला आले तेव्हा मला मिश्रीची सवय नव्हती. ती लावली थोरल्या जाऊबाईंनी. पहिल्याच महिन्यात माझी दाढ ठणकायला लागली. त्यांनी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजली, पाट्यावर वाटली आणि चिमूटभर माझ्या हिरडीवर दाबली. मला घेरी आली, मोरीत जाऊन ओकले. पण दाढ बधिर झाली. पुढे मीही दिवसातून तीनदा मिश्री लावू लागले. पुरुषांनी तंबाखू खाल्ली तर ते व्यसन, आमचं नुसतं दात घासणं.

दुष्काळाच्या वर्षी रेशनला लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची. तिची भाकरी चामट व्हायची. जाऊबाई ती चहात भिजवून एकाच बाजूने चघळत बसायच्या. विचारलं, तर त्यांनी ओठ ओढून दाखवलं. मिश्री धरायच्या तिथेच, गालाच्या आत, पांढरा चट्टा होता आणि मधे लाल जखम.

"कधीपासून आहे?"

"झालं असंल सात-आठ म्हैने. दुखत न्हाई. तिखट तेवढं झोंबतं. घरात बोलू नको."

मी बोलले नाही.

चार महिन्यांनी त्यांचं तोंडच उघडेना. तेव्हा थोरले दीर त्यांना नगरला डॉक्टरांकडे घेऊन गेले, सोबत मीही गेले. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं.

"मिश्री लावता?"

"व्हय. पन दातालाच."

डॉक्टरांनी पुण्याच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. मिश्री आजपासून बंद, म्हणाले.

पुण्याला त्यांचा गाल आणि जबड्याचा तुकडा काढला. दीड महिन्याने परत आल्या त्या पदराने अर्धा चेहरा झाकून. मी वाटीने दूध पाजायचे, निम्मं मानेवर ओघळायचं. गालात पुन्हा गाठ आली तेव्हा दिरांनी पुण्याचं नाव काढलं. जाऊबाईंनी नकारार्थी मान हलवली.

एका दुपारी पुरुष कामावर गेलेले असताना त्यांनी तव्याकडे बोट दाखवलं.

"नको हो. डॉक्टरांनी सांगितलंय ना."

त्या रागावल्या नाहीत. एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "आता... काय व्हायचं... ऱ्हायलंय?"

मी तंबाखू भाजली. त्यांनी चांगल्या बाजूला ती लावली आणि डोळे मिटले. मी तवा घासून ठेवला. मग रोज दुपारी तेच. चूक करतेय असं वाटलं नाही, बरोबर करतेय असंही नाही. दूध तापवावं तशी मी तंबाखू भाजत होते.

आषाढात त्या गेल्या. बायका म्हणाल्या, "रड गं, मोकळी हो." मला रडू आलं नाही.

दहावं झाल्यावर दीर स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"तिच्या उशाखाली मिश्रीची डबी सापडली. तू देत होतीस?"

"हो."

"रोज?"

"रोज."

ते उंबऱ्यावर टेकले. मग विचारलं, "त्यानं तिला बरं वाटायचं का?"

"थोडा वेळ वाटायचं."

त्यांनी मान डोलावली, चपला घातल्या आणि कामावर गेले.

मी तरीही मिश्री लगेच सोडली नाही. दोन वर्षांनी माझ्या ओठाच्या आत पांढरं दिसलं, तेव्हा कुणाला न सांगता एकटीच नगरला गेले. "अजून वेळ गेलेली नाही, पण हे सोडा," डॉक्टर म्हणाले. बरं म्हटलं आणि एसटीने घरी आले. त्या दिवसापासून मिश्रीला हात लावला नाही.