भाटकाराची खुर्ची

कारापूरला आमचं नवं घर उभं राहिलं तेव्हा त्यात एक सोडून सगळं होतं. नळाला पाणी होतं, खिडक्यांना जाळ्या होत्या, शेजाऱ्यांची नजर लागावी अशी फाटकाला पितळी कडी होती. नव्हती ती फक्त माझ्या वडिलांना बसायला जागा.

बाबा पार्श्याला राहायचे. खरं सांगायचं तर पार्श्याला बसायचे. घराच्या दाराशी चिऱ्याचा जो ओटा असतो, त्याला आमच्याकडे सोपो म्हणतात. त्या सोप्यावर बसून बाबांनी गावातली तीन लग्नं जुळवली, पाच मोडली, आणि काजूच्या एका झाडाचा तंटा दोन पिढ्या मिटू दिला नाही. सोप्याला त्यांच्या बैठकीचा खळगा पडलाय. पावसाळ्यात त्यात पागोळ्यांचं पाणी साठतं आणि चिमण्या आंघोळीला येतात. खोटं वाटेल त्याने जाऊन बघावं.

आई गेल्यावर ते एकटे पडले. "आमच्याकडे चला" असं मी वर्षभर सांगत होतो. शेवटी ते कबूल झाले, पण अट घालून.

"आठ दिवस बघतंय. बसूक बरी जागा गावली तर ऱ्हवतंय. नाय तर शनिवारच्या बशीन परत."

म्हणजे वडील घरात राहणार की नाही, हे एका खुर्चीवर येऊन ठेपलं. आणि खुर्ची या विषयावर आमच्या घरात आधीच युद्ध पेटलेलं होतं.

माझी बायको पणजीच्या सरकारी कचेरीत नोकरीला. दिवसभर ती जुन्या लाकडी टेबलाशी झटापट करते, म्हणून घरात तिला सगळं नवंकोरं हवं. "ज्याच्यावर आपल्याआधी कुणी बसलं नाही असं," ती म्हणायची. मी शाळेत इतिहास शिकवतो. मला हवं होतं ते असं, की ज्याच्यावर आपल्याआधी निदान एखादा गव्हर्नर तरी बसलेला असावा. तिसरा पक्ष होता बायकोच्या मावशीचा. तिने प्लॅस्टिकच्या वायरने विणलेल्या चार लोखंडी खुर्च्या आमच्या गळ्यात मारल्या आणि "व्हिंटेज आहेत गो, सांभाळ," असं बजावलं. त्या दिवशी मला कळलं, की वस्तू जुनी झाली की अडगळ, आणखी जुनी झाली की व्हिंटेज, आणि त्याही पुढे टिकली तर अँटिक. शिक्षक मात्र पहिल्या पायरीवरच निवृत्त होतो.

बाबा आले रविवारी. बायकोने मोठ्या मानाने त्यांना नव्या करड्या सोफ्यावर बसवलं. ते बसले आणि दिसेनासे झाले. आधी कंबर गेली, मग छाती, शेवटी नुसती टोपी तरंगत राहिली.

"अरे, ह्या बसूक आसा का बुडूक?" सोफ्याच्या तळातून आवाज आला.

वायंगण शेताच्या चिखलात रुतलेली म्हैस काढतात तसं त्यांना आम्ही बाहेर काढलं. मी, बायको, दोन शेजारी आणि रस्त्यावरून चाललेला पाववाला पोदेर. त्या गडबडीत पोदेराच्या सायकलवरचे पाव थंड झाले, ते अख्खे आम्हालाच घ्यावे लागले.

सोमवारी मावशीची वायरची खुर्ची. तीत बाबा तासभर टिकले. उठले तेव्हा पाठीवर इतके स्वच्छ चौकोन उमटले होते की बुद्धिबळाचा डाव मांडता आला असता. "गे सुने, तुझी मावशी ह्याच्यार सांडगे सुकत घालता आसतली," एवढंच ते म्हणाले आणि उभ्याने चहा प्यायले. मंगळवारी त्यांनी बाहेर काढलेले कपडे घडी घालून परत पिशवीत ठेवले. मी समजलो.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी तडक पर्वरीच्या रस्त्याला जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार माणूस तयारीचा. त्याने मला एका आरामखुर्चीपुढे उभं केलं. काळं शिसवी लाकूड, वेताची बैठक, आणि पाय टाकून झोपता येईल एवढे लांब हात.

"दोनशे वर्सांची, सायबा. एका भाटकाराच्या घरातली. सात गावांचा धनी. पहिल्यापासून शेवटपर्यंत ह्याच खुर्चीत."

मी खाली वाकून बघितलं. जुन्या कामात लाकडाच्या खुंट्या असतात, हे मी वाचलं होतं. बैठकीच्या खाली मला चार स्क्रू दिसले, डोक्यावर चांदणीची खाच असलेले. म्हणजे भाटकाराचे जमीनदारी दिवस सोडा, ही खुर्ची माझ्या लग्नानंतर जन्मलेली असावी. पण भाटकार मला इतका आवडला होता, की मी त्याला तिथे एकटं सोडू शकलो नाही.

गुरुवारी टेंपोतून खुर्ची उतरली. मी ती ओटीवर रस्त्याकडे तोंड करून मांडली आणि तिचा इतिहास सांगायला सुरुवात केली. माझ्या हातात आल्यावर सात गावांची सतरा झाली. भाटकाराला मिशा फुटल्या, घोडा आला, पोर्तुगीज साहेब त्याच्या दारात टोपी काढून उभे राहू लागले. बायकोसुद्धा ऐकत राहिली. मला थांबता येईना.

"आणि नव्वदाव्या वर्षी," मी म्हणालो, "ह्याच खुर्चीत, ताठ बसल्या बसल्या, त्याने प्राण सोडला."

बाबा बसायला वाकले होते. ते तसेच सरळ झाले.

"मेल्या माणसाच्या खुर्चेर माका बसयतंस?"

आमच्याकडे माणूस गेला की त्याचं अंथरूण, त्याची खाट घरात ठेवत नाहीत, देऊन टाकतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. जीभ एकदा उताराला लागली की तिला ब्रेक नसतो, एवढंच.

खरं सांगून टाकावं तर बायको समोर. चार स्क्रू कळले असते तर ती खुर्ची आणि मी, दोघेही त्याच टेंपोतून परत गेलो असतो. खोटं चालू ठेवावं तर वडील जातात. मी खुर्चीवरची नसलेली धूळ पुसायला लागलो.

बाबांनीच तोड काढली. "देवाक इचारुया. फाल्या पार्श्याक जाऊया."

शुक्रवारी आम्ही निघालो. त्यांनी पिशवी बरोबर घेतली होती, सगळ्या कपड्यांसकट. म्हापशाला बस बदलताना मी ती हातात घ्यायला गेलो, तर त्यांनी दिली नाही.

देवळात कौल लावतात तो असा. पुजारी मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. बाबांनी पुजाऱ्याच्या कानात प्रश्न सांगितला आणि हात जोडले. मीही जोडले. पाकळ्या हलेनात. शेजारच्या बाईचं गाऱ्हाणं संपलं, नारळ फुटला, बाहेर एक कोंबडा म्हातारा झाला, तरी हलेनात. गाभाऱ्यात पंखा आहे का, हेही मी बघून घेतलं. नव्हता.

मग उजवीकडची पाकळी पडली, अगदी सावकाश.

बाबांनी पिशवी माझ्या हातात दिली.

परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "बघा, देवानेच खुर्ची पसंत केली."

"खुर्चेचा कोणी इचारलां? झिलाकडे ऱ्हवू का, ता इचारलां." ते खिडकीबाहेर बघत होते. "खुर्ची मी कालच वाकून बघितलंय. तुझ्या भाटकाराच्या वेळार चांदणीचे स्क्रू गावत होते, ता माका नव्याच कळला."

मी बायकोचं नाव काढण्याआधीच ते पुढे म्हणाले, "सुनेक सांगूचंय नाय. पण सकाळी पोदेराकडचे गरम उंडे होये. रोज."

तेव्हापासून मी रोज सकाळी त्या गोल पावांसाठी पोदेराची वाट बघत फाटकाशी उभा असतो. बाबा खुर्चीच्या लांब हातांवर पाय पसरून रस्ता सांभाळतात. कारापुरातलं पहिलं लग्न त्यांनी महिन्याच्या आत मोडलं.

परवा शाळेतून आलो तर समोरचे निवृत्त पोस्टमास्तर ओटीवर उभे होते आणि बाबा त्यांना खुर्चीचा इतिहास सांगत होते. गावं चाळीस झाली होती. घोड्याचा हत्ती झाला होता.

"आणि तो भाटकार मेलो कधी?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

बाबांनी त्यांच्याकडे दयेने बघितलं. "मेलो खंय? तीच तर गोष्ट. ह्या खुर्चेर बसलेलो माणूस मरणा नाय. म्हणान तर झिलान हाडली."

पोस्टमास्तरांनी खुर्चीच्या लांब हातावरून एकदा बोट फिरवलं. मग घसा साफ करून त्यांनी विचारलं, की दुपारी बाबा जेवायला आत जातात तेव्हा ती रिकामीच असते ना.